पोपटी रंगाच्या खाली

मी उत्तनचा, ताई. जन्म तिथलाच, बाप्तिस्मा तिथलाच, आणि मेलो की मातीपण तिथंच पडंल. नाव इनास. तुमच्या या मीरा रोडच्या बिल्डिंगीत मला कोण पॉलिशवाला म्हणतं, कोण अंकल, कोण भैय्यापण म्हणतं, मी काय बोलत न्हाय, पण मी कोळ्याचा पोर हाय, माज्या आज्याची होडी व्हती, बापसाची बोट व्हती, आणि सगळ्या खानदानात मी एकटाच असा निघालो की बोटीत पाय ठेवला की पोटातलं सगळं बाहेर. तुमी लिवून घेताय तर घ्या, काय हरकत न्हाय, कपाटाला रिमूव्हर लावलंय, ते जुना कलर सोडवायला वेळ घेतं, तवर मला तरी काय काम हाय.

तर बापसानं मला तीनदा दर्यात नेला. तिसऱ्या वेळेला खलाश्यांनी मला जाळ्याच्या ढिगावर झोपवून परत आणला, आणि किनाऱ्यावर सगळ्या बायका पाट्या घेऊन उभ्या, म्हावरं यायची वाट बघतायत, आणि बोटीतून पयला उतरवला कोण, तर मी. मला वाटलं आता बापूस मारंल. न्हाय मारला. एवढंच म्हणाला, की याला बोट दर्यात झेपत न्हाय तर जमिनीवर असंल तवा हा सांभाळंल. तवापासून, म्हंजे मी असंन चौदा वर्सांचा, पावसाळ्याचे ते दोन-अडीच महिने बोट माजी. बाकीचं वर्स माज्या भावाची, पास्कूची, त्याला मी दादूस म्हणायचो. तो माज्यापेक्षा सहा वर्सांनी मोठा. दर्यात उभा राहिला की त्याला बघत राहावं असा व्हता.

पावसाळ्यात आमच्याकडं बोटी वर ओढतात आणि माडाच्या झावळ्यांनी शाकारतात, घराला छप्पर घालतात तशा. मंग पाऊस कमी झाला की झावळ्या काढायच्या, बोट दोन-चार दिवस सुकवायची, कलर मारायचा, आणि सगळ्या बोटी ओळीनं उभ्या केल्या की फादर येतात, पवित्र पाणी शिंपडतात, मंग बोटी दर्यात जातात. त्या दिवशी कोणाची बोट बिनकलरची उभी असली की त्याच्यासारखी लाज न्हाय. लोक म्हणतात याच्या घरात काय तरी बिघडलंय. त्यामुळं ती तारीख म्हंजे तारीख, लाकूड सुकलेलं असो नसो.

आणि आमच्या घरात दोन रीती व्हत्या, त्या तुमाला सांगायलाच पायजेत, न्हायतर पुढचं कळणार न्हाय. एक म्हंजे डेकचा, म्हंजे बोटीच्या वरच्या फळ्यांचा, जुना कलर खरवडायचा न्हाय. जिथं फुगे आले असतील तेवढे चपट्या लोखंडी पत्तीनं उडवायचे, लांबी म्हंजे पुट्टी भरायची, आणि वरून नवीन हात मारायचा. दर वर्सी वेगळा कलर. सगळ्यात खाली बापसाच्या हातची लाल काव, त्याच्यावर पिवळा, त्याच्यावर पांढरा, असे चढत चढत वर. बापूस म्हणायचा, बोटीची कातडी हाय ती, माणसाची कातडी सोलतात काय. आणि दुसरी रीत अशी की बोटीत कोणी काय दुरुस्त केलं, एक फळी बदलली, एक खुंटा बसवला, तर त्यानं खिळ्याच्या टोकानं तिथं बारीक क्रूस ओढायचा. म्हंजे देवाला सांगायचं की हे मी केलंय, इथं नजर ठेव. वरून कलर लागायचा, माणसाला तो क्रूस दिसायचा न्हाय, आणि दिसायची गरजपण न्हाय.

बापूस गेला, बोट दादूसकडं आली. दादूसचं लग्न झालेलं व्हतं, कार्मिण वयनी, चौक गावची, तिला एक मुलगी फिलू. वयनी माज्या आयसपेक्षा मला जास्त जेवायला घालायची, हे मी खोटं न्हाय सांगत. मी लग्न न्हाय केलं. का न्हाय केलं ते जाऊ द्या, आज तो विषय न्हाय.

सत्त्याऐंशीच्या आसपास मी हाटकेशला एका फर्निचरच्या गाळ्यात लागलो. तेव्हा हाटकेश म्हंजे काय, अर्धी मिठागरं, अर्धे गाळे, आणि मीरा रोडला बिल्डिंगी नुसत्या वर येतायत, लोक गिरगाव सोडून, परळ सोडून येतायत, आणि येताना आजीची कपाटं, आईचे पलंग घेऊन येतायत आणि म्हणतायत याला नवीन करून द्या. गाळ्यात एक उस्ताद व्हता, यूपीचा, दाढी पांढरी, बोटं पॉलिशनं काळी. त्यानं मला शिकवलं. तो कुठल्याही जुन्या वस्तूला आधी टोचा मारायचा, कोपऱ्यात, पायात, सांध्यात, आणि म्हणायचा, पहले देखो अंदर क्या है, रंग तो झूठ बोलता है. बर्नरनं कलर कसा तापवायचा, फुगला की पत्तीनं कसा उचलायचा, जिथं आग न्हाय चालत तिथं फुटक्या काचेच्या कडेनं कसं खरवडायचं, सगळं त्यानं दाखवलं. मला तेव्हा पयल्यांदा वाटलं की मलापण काय तरी येतं.

आणि माणसाला काय तरी यायला लागलं ना ताई, की तो घरी येऊन शहाणपणा करतो. पयला शहाणपणा मी काय केला, तर प्लास्टिक आणलं. बिल्डिंगींच्या कामावर ते जाड निळं प्लास्टिक असायचं, स्लॅबवर घालायचे, त्यातलं एक मोठं मी मागून आणलं आणि दादूसला म्हटलं, आता झावळ्या कशाला, माडावर चढा, विणा, बांधा, हे एकदा टाकलं की थेंब आत न्हाय येणार. दादूस खूश. सगळ्या किनाऱ्यावर आमचीच बोट निळी झाकलेली, लोक येऊन हात लावून बघायचे. वयनी तेवढी म्हणाली, की झावळीतून वारा जातो रे, याच्यातून वारा कुठून जाणार. आमी दोघं हसलो.

तर तुमाला एक सांगतो, खाऱ्या पाण्यानं लाकूड सडत न्हाय. वर्सानुवर्सं दर्यात असतं, काय व्हत न्हाय त्याला. लाकूड सडतं गोड्या पाण्यानं. आणि प्लास्टिकच्या आत काय व्हायचं, बाहेर पाऊस, आत गरमी, त्या प्लास्टिकला आतून घाम सुटायचा, आणि मधे जिथं ते खोलगट व्हायचं तिथून तो घाम थेंब थेंब एकाच जागी पडायचा. उजव्या बाजूला, जिथं जाळ्याचा दोर बांधायचा खुंटा हाय, त्याच्या अलीकडं. पूर्ण पावसाळा एकाच जागी. आणि वर कातडी, पंधरा-वीस वर्सांच्या कलरची, खाली गेलेलं पाणी बाहेर यायला वाट न्हाय. हे मला आज कळतंय. तेव्हा कळलं असतं तर मी कशाला तुमाला सांगत बसलो असतो.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी कलर मारायला गेलो, तर दादूसनं उजव्या बाजूला स्वतःच अस्तराचा हात मारून ठेवलेला. ब्रश कधी हातात न धरणारा माणूस. मी म्हटलं, काय रे, आता माजं हे पण काम घेतोस का, मंग मी काय करू, घरी भांडी घासू. तो हसला, म्हणाला, वेळ व्हता म्हणून मारला, तू वरून निळा मार. मी मारला निळा. एवढंच. मी काय विचारलं न्हाय आणि तो काय बोलला न्हाय.

पुढच्या वर्सी मी हट्टच धरला. म्हटलं दादूस, यावेळी डेक पूर्ण उघडा करायचा, लाकडापर्यंत, मला येतं आता ते काम, एकदा बघू तरी आत काय हाय. तो एकदम चिडला. असा तो माज्यावर कधी चिडायचा न्हाय. म्हणाला, खाली बापसाचा हात हाय, मी जिवंत असेपर्यंत त्याला पत्ती लागणार न्हाय. मी म्हटलं, बापूस गेला, लाकूड हाय अजून. मंग तो जे बोलला ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलं न्हाय, आज तुमाला सांगतोय. खलाशी उभे व्हते, चार माणसं उभी व्हती, त्यांच्यासमोर तो म्हणाला, ज्याला बोटीत उभं राहता येत न्हाय त्यानं मला बोट शिकवू नये.

लोक हसले. मीपण हसलो, काय करणार.

मंग मी खाली मान घालून पोपटी कलर काढला आणि मारायला बसलो. त्या वर्साचा कलर पोपटी, फिलूनं सांगितलेला. आणि खुंट्याच्या अलीकडं, एका फळीवर, फुगा आला व्हता तो मी पत्तीनं उडवला आणि पत्ती आत गेली. लाकडात पत्ती जात न्हाय ताई. पत्ती लाकडावरून सरकते. ती आत गेली, बोटाच्या एका पेरभर, आणि बाहेर आली तेव्हा तिच्यावर ओला काळा भुसा. मला कळलं. मी उस्तादच्या हाताखालचा माणूस, मला न कळायला काय झालं. मी मान वर केली, दादूस पलीकडं जाळं शिवत व्हता, दहा पावलांवर. मी हाक मारायची व्हती. तोंड उघडलंपण व्हतं. आणि मंग मनात आलं, की मला कशाला विचारतोय कोण, मला बोटीतलं कळत न्हाय ना, मंग न्हाय कळत. आणि मी लांबी घेतली, त्या भोकात भरली, दाबून दाबून भरली, खूप गेली, पुन्हा घेतली, पुन्हा भरली, सपाट केली, सुकली तशी वरून पोपटी मारला. चकचकीत. क्रूस न्हाय काढला. त्याला दुरुस्ती म्हणायला माजा जीव न्हाय झाला.

मनात व्हतं, आशीर्वाद झाला की, राग गेला की, सांगंन. पंधरा दिवसांत सांगंन. मंग गाळ्यात काम आलं, मी हाटकेशला गेलो, तिथंच राहायचो गाळ्यात, सुट्टी मिळाली तर रविवारी यायचो चर्चला मिस्साला. तीन रविवार दादूस मला भेटला, पाठीवर हात मारला, जेवायला बस म्हणाला. तीन रविवार मी जेवलो आणि आलो.

नाताळच्या आधी झालं. सकाळची वेळ, ऊन वर आलेलं, जाळं वर घेत व्हते. म्हावरं भरपूर व्हतं म्हणतात, जाळं जड, दोर ताणलेला, आणि दादूस खुंट्याजवळ पाय रोवून उभा. फळी गेली. पाय मांडीपर्यंत आत, दोर हातातून सुटला आणि त्याच दोरानं त्याला बाजूला आपटला, डोकं कठड्यावर, आणि पाण्यात. खलाश्यांनी उड्या मारल्या, त्याला वर घेतला, पण तो तिथंच गेलेला. दुपारपर्यंत आणला. मला गाळ्यावर निरोप आला, मी रिक्षा केली, रिक्षावाला हिंदीत काय काय बोलत व्हता, मला एकपण शब्द आठवत न्हाय.

घरी जायच्या आधी मी बोटीवर गेलो. हे मी सांगतो तेव्हा मला माजीच लाज वाटते. भाऊ घरात पडलेला, वयनीचा आवाज किनाऱ्यापर्यंत ऐकू येतोय, आणि मी बोटीवर चढलो भोक बघायला. फळीचा तुटलेला काठ, त्याच्यावर माजा पोपटी कलर, आणि कलरच्या खाली पांढरी लांबी, चुरा झालेली. लोक म्हणत व्हते जुनी बोट, फळीचं काय सांगता येतं, देवाची मर्जी. मी एक फळकुट घेतलं आणि भोकावर ठोकलं. बोटीत भोक उघडं ठेवू नये म्हणून ठोकलं असं सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर बोट दर्यात गेली न्हाय. सात वर्सं. घेणारे आले, वयनीनं दिली न्हाय. सुकी मच्छी घेऊन भाईंदरच्या बाजारात बसायची, बोंबील, सुकट, त्याच्यावर फिलूला बारावीपर्यंत शिकवली. मी द्यायला गेलो ते घ्यायची न्हाय, म्हणायची तुजं तुला ठेव. आणि दर पावसाळ्याच्या आधी ती स्वतः माणूस लावून झावळ्या काढायची आणि बोट शाकारायची. ते निळं प्लास्टिक तिनं पयल्याच वर्सी फाडून टाकलं व्हतं. मला वाटायचं दादूसची आठवण नको म्हणून फाडलं असंल. मी तिच्या घरी जायचो, बसायचो, चहा प्यायचो, आणि ती कधी कधी बोलता बोलता थांबायची आणि माज्याकडं बघत राहायची. मला वाटायचं हिला कळलंय. मंग वाटायचं, कळलं असतं तर चहा दिला असता काय. असं सात वर्सं.

मंग फिलूचं जमलं. मुलगा चौकचा, आग्नेल, वयनीच्याच गावचा, चांगला पोरगा, दर्यात जाणारा. त्याची स्वतःची बोट न्हाय. फिलूनं आईला सांगितलं, की बाबांची बोट त्याला दे, तो चालवंल. तिसऱ्या दिवशी वयनीचा मला निरोप. मी गेलो तर ती ओट्यावर बसलेली, म्हणाली, इनास, आग्नेल त्या डेकवर उभा राहणार. त्याच्या आधी मला त्याचं लाकूड बघायचंय. सगळा कलर काढ. एक बोटभर जागा ठेवू नको. मी म्हटलं, बापसाची काव हाय खाली. ती म्हणाली, ती पण.

मी गाळ्यातून रजा घेतली आणि बसलो. ते काम कसं असतं सांगतो तुमाला. बर्नर पंप करायचा, ज्योत निळी झाली की कलरवरून हळूहळू फिरवायची, एका जागी थांबायचं न्हाय, न्हायतर लाकूड जळतं. कलर फुगतो, वास सुटतो, डोळे जळतात, लगेच पत्ती घालायची आणि उचलायचा, थंड झाला की पुन्हा चिकटून बसतो. फळ्यांच्या सांध्यात कापूस भरलेला असतो राळेत भिजवून, तिथं ज्योत नेली की पेट घेतो, म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूला काचेनं, हातानं. दिवसाला दोन हात जागा झाली तर खूप. आणि एक एक कलर वर येतो. पोपटी निघाला की निळा. निळ्याच्या खाली विटकरी, ते फिलूच्या पयल्या कम्युनियनचं वर्स. त्याच्या खाली पांढरा, आयस गेली ते वर्स. पिवळा, दादूसचं लग्न. आणि सगळ्यात खाली ती काव, ती तर लाकडातच शिरलेली, पत्तीला येत न्हाय, काचेनं घासून घासून काढली. बापसाचा हात मी माज्या हातानं काढला. मला रडू आलं, मी लपवलं न्हाय, तसंपण त्या धुरात कोण कशानं रडतंय ते कळत न्हाय.

आणि वयनी रोज येऊन बसायची. बाजाराला जायची न्हाय, सगळे दिवस तिथंच. माज्यापासून चार हातांवर, मांडीवर काय तरी निवडायचं काम, आणि नजर माज्या हातावर. मी मुद्दाम डाव्या बाजूनं सुरुवात केली व्हती. डावी झाली, पुढची झाली, मागची झाली, आणि उजवी बाजू राहिली, खुंट्याजवळची. मी म्हटलं आज दमलोय, उद्या करतो. दुसऱ्या दिवशी म्हटलं बर्नरचं रॉकेल संपलं. ती म्हणाली, मी आणते. आणि आणलं.

मंग मी ते फळकुट उपटलं, जे मीच ठोकलं व्हतं, आणि तोंड खाली करून म्हटलं, वयनी, इथं मऊ व्हतं ते मला म्हाईत व्हतं. त्या वर्सी कलर मारताना पत्ती आत गेली व्हती. मी लांबी भरली आणि गप बसलो. दादूस मला लोकांसमोर बोलला व्हता म्हणून मी गप बसलो. असं सगळं एका दमात सांगितलं, सात वर्सं जिभेवर व्हतं, सांगायला एक मिनिट न्हाय लागलं.

ती रडली न्हाय, ओरडली न्हाय. म्हणाली, खरवड.

मी म्हटलं, काय.

म्हणाली, भोकाच्या बाजूला खरवड. पूर्ण.

मी बर्नर घेतलाच न्हाय, काच घेतली. पोपटी काढला. निळा काढला. निळ्याच्या खाली विटकरी यायला पायजे, तो आलाच न्हाय. अस्तर आलं, करडं, आणि अस्तर निघालं तसं लाकूड. पण ते आमच्या डेकचं लाकूड न्हाय. डेक सागाचा, काळपट. हे पिवळं. पिवळं धमक, वीतभर लांब, चौकोनी, फळीत नीट कोरून बसवलेलं थिगळ, राळेनं सांधलेलं, आणि एका कोपऱ्यात खिळ्यानं ओढलेला बारीक क्रूस. दादूसचा क्रूस तिरका असायचा, खालची रेघ लांब. शंभरातून ओळखंन मी. भोक त्याच्या बाजूलाच चार बोटांवर. त्यानं सडकं कापून काढलं, त्याला वाटलं तेवढंच हाय, आणि सडणं पुढं सरकत गेलं.

म्हंजे त्याला म्हाईत व्हतं. माज्या आधी एक वर्स म्हाईत व्हतं. म्हणून तो अस्तराचा हात, म्हणून तो राग, म्हणून ती पत्ती लागणार न्हायची भाषा. बापसाचा हात न्हाय, स्वतःचा हात झाकत व्हता तो माज्यापासून.

मी वयनीकडं बघितलं. ती उठून जवळ आली, खाली बसली, त्या पिवळ्या लाकडावर तळहात ठेवला आणि म्हणाली, हा माजा पाट हाय. लग्नातला, आयसनं दिलेला, फणसाचा. तुज्या भावानं कापून घेतला. मीच धरून बसले व्हते कापताना. म्हणाला, इनासला सांगू नको, तो सगळा डेक सोलंल, आशीर्वादाचा दिवस जाईल, आणि बोट सडली असं एकदा किनाऱ्यावर झालं की खलाशी येत न्हायत. म्हणाला, एक सीझन काढतो आणि मंग फळी बदलतो. मी गप बसले.

मंग ती म्हणाली, मी सात वर्सं तुज्याकडं बघतेय, इनास. याला कलरमधलं कळतं, याला सांगितलं असतं तर, असं रोज वाटायचं. तुला सांगितलं न्हाय म्हणून तो गेला असं मला वाटायचं.

आणि मंग ती रडली. मयताला रडली नव्हती अशी रडली, त्या पाटावर डोकं ठेवून, आणि मी बाजूला बसलेलो, हातात काच, मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा व्हता, माजे हात सगळे कलरनं भरलेले. तसेच ठेवले. तीन माणसं आमी, ताई, एका घरातली, एका ताटातलं खाल्लेली, तिघांना ती एकच जागा म्हाईत, आणि तिघांनी ती एकमेकांपासून झाकली. तो म्हणत असंल इनासला कळायला नको, मी म्हणतोय दादूसला कळंल तेव्हा कळंल, आणि ती बिचारी दोघांच्या मधे. कोणी एक शब्द टाकला असता. कोणीपण. मला कधी वाटतं की चला, माजं एकट्याचं पाप न्हाय, आणि लगेच वाटतं की त्यानं माजं कमी कसं होईल, दहा पावलांवर तर व्हता तो. आणि प्लास्टिक मीच आणलेलं ना.

सुतार बोलावला, त्या भागातल्या तीन फळ्या पूर्ण बदलल्या. सांधे सगळे नव्यानं कापूस घालून राळेनं भरले. मंग मी पूर्ण डेक घासला, आधी जाड पेपर, मंग बारीक, आणि बेलतेल, म्हंजे जवसाचं तेल, गरम करून चार हात दिले, मधे दोन-दोन दिवस उन्हात सुकवून. लाकूड असं उघडलं की काय सांगू तुमाला, प्रत्येक फळीची रेघ न् रेघ दिसायला लागली. आग्नेल म्हणाला, काका, आता वरून कुठला कलर, मी निळा आणू का. मी म्हटलं, बाहेरून बोटीला हवा तो मार, डेकला कलर न्हाय. दर वर्सी तेल, आणि दर वर्सी टोचा. आणि प्लास्टिक दिसलं तर मी फाडीन.

आशीर्वादाच्या दिवशी सगळ्या बोटी रंगीत आणि आमचा डेक तेवढा उघडा. लोक बोललेच, कलरला हात आखडला काय म्हणून. फादर यायच्या आधी वयनी बोटीवर चढली. सात वर्सांत चढली नव्हती. चपला काढल्या, आणि अनवाणी पायानं एक एक फळीवर चालली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत वळून बाजूच्या फळीवरून, एकपण न सोडता. प्रत्येक फळीवर थांबायची, अंगाचा सगळा भार टाकायची आणि मंग पुढं. फादर आले ते खाली पाणी घेऊन उभे राहिले, त्यांनी घाई केली न्हाय. ती उतरली आणि आग्नेलला म्हणाली, आता जा.

त्याला आता वर्स व्हायला आलं. आग्नेल जातो, येतो. फिलूला दिवस गेलेत. पाटाचा तो तुकडा वयनीकडं हाय, आल्तारजवळ ठेवलाय, दादूसच्या फोटोच्या खाली, त्याला कलर न्हाय, पॉलिश न्हाय, मी विचारलं तर नको म्हणाली. मी रविवारी जातो, जेवतो. आमी दोघं त्या गोष्टीवर परत बोललो न्हाय, पण आता ती माज्याकडं बघते तेव्हा नुसतीच बघते. माज्या छातीत ते दुखतं अजून, दुखत राहणार, त्याला रिमूव्हर न्हाय. देव तुमच्या घरादाराला सुखी ठेवो, तुमच्या मुलांना एकमेकांशी बोलायची बुद्धी देवो, मी आणि काय मागणार.

चला, कलर सुटला असंल. आणि ताई, तुमी मघाशी विचारलं ना किती दिवस लागतील, आणि मी म्हटलं तीन. तीन न्हाय. तुमच्या सासूबाईंचं हे कपाट, मागचा डावा पाय, रिमूव्हर लावायला बसलो तेव्हा माजी पत्ती आत गेली. वाळवी हाय. बाहेरून कलरच उभा हाय तिथं, आत काय उरलेलं न्हाय. लांबी भरून पॉलिश मारलं तर दोन-तीन वर्सं तुमाला कळणारपण न्हाय. मागचा पाय हाय, भिंतीकडचा, कोण बघतंय. पण इकडं या, हात लावून बघा.